आरोग्यसेविकांचे ध्वनिपाठ : बोलणारे आणि ऐकणारे

सेवांतर्गत प्रशिक्षण हा शब्द शिक्षकांना नवा नाही. तालुक्याच्या गावी बोलावणे येते, हजेरीपटावर सही होते, समोरचा वक्ता किंवा पडदा बोलत राहतो आणि चहानंतर मागच्या बाकांवर उत्तरपत्रिका तपासणे सुरू होते. अलीकडे वर्गाची जागा भ्रमणध्वनीने घेतली, एवढाच फरक. हाच अनुभव घेणारा आणखी एक मोठा वर्ग आपल्याच गावात राहतो. आशा, आरोग्यसेविका (गावात त्यांना अजून नर्सबाईच म्हणतात), आरोग्यसेवक, अंगणवाडी सेविका. त्यांच्यासाठी रेडिओ, उपग्रह आणि दूरध्वनीवरून जे शिक्षण प्रसारित केले जाते, त्याचे परीक्षण आम्हाला येथे करायचे आहे. नाटकाचे, चित्रपटाचे, पाठ्यपुस्तकाचेही परीक्षण आपल्याकडे होते. या पाठांचे सहसा होत नाही. त्यांचा श्रोता तक्रार करण्याच्या स्थितीत नसतो, हे त्याचे एक कारण असावे.

सुरुवात सध्याच्या सर्वांत मोठ्या उपक्रमापासून करू. 'मोबाइल अकॅडमी' हा आशांसाठीचा ध्वनिपाठ्यक्रम २०१२ च्या सुमारास बिहारमध्ये तयार झाला, २०१६ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने तो आपल्याकडे घेतला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तो महाराष्ट्र व गुजरातसाठी जाहीर झाला. सुमारे २४० मिनिटांचा हा अभ्यासक्रम ११ प्रकरणांत विभागलेला आहे. प्रत्येक प्रकरणात चार छोटे धडे आणि शेवटी प्रश्न. बोलणारी व्यक्ती एक काल्पनिक डॉक्टरबाई, अनिता नावाच्या. साध्यातला साधा फोन चालतो, इंटरनेट लागत नाही, पैसे पडत नाहीत आणि जिथे थांबलो तिथून पुढे ऐकता येते. शेवटी उत्तीर्ण झाल्यास प्रमाणपत्र.

या रचनेतील शहाणपण आधी मान्य केले पाहिजे. दिवसभर घरभेटी, रात्री बाळंतपणासाठी एखादीला घेऊन दवाखान्यात, आणि मध्ये स्वतःची चूल, अशा बाईला तालुक्याच्या गावी तीन दिवस बोलावण्यापेक्षा तिच्या कानाशी चार मिनिटांचा धडा नेणे केव्हाही चांगले. धडा पुन्हा ऐकता येतो. वर्गात 'पुन्हा सांगा' म्हणायची लाज वाटते, फोनला वाटत नाही. लसीकरणाचे वेळापत्रक, गरोदरपणातील धोक्याची लक्षणे, दोन मुलांतील अंतर, म्हणजे ज्याचे उत्तर एकच आहे आणि जे लक्षात ठेवायचे आहे, ते या मार्गाने चांगले पोहोचते. आमची तक्रार याच्या पुढे सुरू होते.

एक साधे उदाहरण घ्या. जुलाबासाठी द्यायची क्षारसंजीवनी, म्हणजे ओआरएस. पाकिटावर लिहिलेले असते, एक लिटर पाण्यात विरघळवा. ध्वनिपाठही तेच सांगणार, आणि ते बरोबरच आहे. आता घरात जाऊ. घरात लिटर नसतो, तांब्या असतो, गडवा असतो, शीतपेयाची रिकामी बाटली असते. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये स्वीकारलेल्या मिश्रणाची परासारकता लिटरला २४५ मिलिऑस्मोल येते. रक्ताची सुमारे २९० असते. म्हणजे हे पाणी रक्तापेक्षा थोडे पातळ आहे आणि त्यामुळेच आतड्यातून ते शरीरात ओढले जाते. तेच पाकीट पाऊण लिटरच्या तांब्यात टाकले तर आकडा होतो २४५ भागिले ०.७५, म्हणजे जवळजवळ ३२७. आता ते रक्तापेक्षा दाट झाले. आधीच पाणी गमावलेल्या बाळाच्या आतड्यात ते उलट पाणी ओढू शकते. दीड लिटरच्या भांड्यात टाकले तर १६३, म्हणजे क्षार अपुरे. 'एक लिटर' हे वाक्य पाठ असलेली आशा परीक्षेत उत्तीर्ण होते. बाळाला उपयोग होतो तो तिच्या गावातील तांब्यात किती पाणी मावते हे तिने मोजून पाहिले असेल तर. हे फोनवरून सांगता येईल, पण मोजून घेता येणार नाही. (शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात जरूर करावा. मुलांना घरून तांबे आणायला सांगून मोजपात्राने पाणी मोजावे. आकडे पाहून मुलेच चकित होतील.)

दुसरे उदाहरण श्वास मोजण्याचे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक वेळा होत असेल तर तो धोक्याचा. दोन ते बारा महिन्यांपर्यंत ही मर्यादा ५०, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४०. तीन आकडे, पाठ करायला दोन मिनिटे. मात्र रडणाऱ्या, हातपाय हलवणाऱ्या बाळाच्या पोटाकडे पूर्ण एक मिनिट पाहत न चुकता मोजणे ही वेगळीच गोष्ट आहे. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने फार न शिकलेल्या बायांसाठी यावर उपाय शोधला. एका मिनिटाची वाळूची घडी आणि जोडीला मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, आणि वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोहोचलात तर श्वास जलद. तेथील गावांतील नवजात मृत्युदर तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे देशभरातील आशांच्या घरभेटींच्या कार्यक्रमाला याच कामाचा आधार मिळाला. पण त्या यशामागे मण्यांबरोबर हाताला हात लावून शिकवणारी, पंधरवड्याने गावात येऊन पुन्हा मोजायला लावणारी माणसे होती. राष्ट्रीय कार्यक्रमात आकडे आले, पुस्तिका आल्या. ती माणसे त्या प्रमाणात आली असे म्हणवत नाही. जिथे ती कमी पडली तिथे ध्वनिपाठ भर घालील अशी अपेक्षा ठेवणे हे ध्वनिपाठावरही अन्याय करणारे आहे.

परीक्षेबद्दलही दोन शब्द. दोन पर्यायांचा प्रश्न असेल तर नाणे उडवूनही निम्मी उत्तरे बरोबर येतात, हे शिक्षकांना सांगायला नको. शिवाय अशा परीक्षेत 'काय करावे' एवढेच विचारता येते. 'तुम्ही काय पाहिले' हे विचारता येत नाही. सार्वजनिक आरोग्यात दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा असतो.

याचा पडताळा बुलढाणा जिल्ह्यातच आला. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आणि जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोके खाजते, मग हात लावला तर केसांचा पुंजका हातात येतो आणि काही दिवसांत टक्कल पडते. बायका, मुले, म्हातारे, कोणीही सुटले नाही. पुढे हे लोण डझनाहून अधिक गावांत दिसले आणि बाधितांची संख्या अडीचशेच्या पुढे गेली. सुरुवातीला बुरशीचा संसर्ग असावा असे म्हटले गेले, मग पाण्यावर संशय गेला. हा पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा. येथील विहिरी-कूपनलिकांचे पाणी खारट, त्यामुळे संशय साहजिक होता. पाण्याचे, त्वचेचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक येऊन गेले. फेब्रुवारीत डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला अभ्यास जाहीर केला. विंचूदंशावरील उपचारासाठी सर्वांना माहीत असलेले हेच ते महाडचे डॉक्टर. त्यांच्या मते कारण सेलेनियम, आणि ते आले रेशनच्या गव्हातून. गव्हाच्या उगमाबाबतच्या निष्कर्षावर वाद झाला. एप्रिलमध्ये त्याच भागात काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागल्याच्या बातम्या आल्या. केस आणि नखे ही दोन्ही लक्षणे सेलेनियमच्या विषबाधेत पुस्तकात एकत्रच दिलेली असतात.

डॉ. बावस्करांनी दिलेला गव्हातील सेलेनियमचा आकडा किलोला सुमारे साडेचौदा मिलिग्रॅम होता. तो खरा मानून हिशेब करू. दिवसाला ३०० ग्रॅम पिठाच्या पोळ्या खाणाऱ्याच्या पोटात ४.३५ मिलिग्रॅम, म्हणजे ४३५० मायक्रोग्रॅम सेलेनियम जाईल. प्रौढांसाठी सुरक्षित समजली जाणारी कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम आहे. जवळजवळ अकरा पट. आठवी-नववीच्या मुलाला जमेल असे हे गणित आहे.

आता त्या गावातील आशेच्या जागी उभे राहून पाहा. तिच्या कोणत्याच धड्यात केसगळती नाही, आणि नसणारच. पाठ रेकॉर्ड होतात ते माहीत असलेल्या आजारांचे. पण प्रयोगशाळेला जे कळायला आठवडे लागतात, त्यातील काही गोष्टी तिला पहिल्या दिवशी माहीत असतात. कोणत्या घरात सगळ्यांचे केस गेले आणि शेजारच्या घरात कोणाचेच नाहीत. दोन्ही घरे पाणी कुठून आणतात. रेशनचा गहू कोण दळते आणि घरच्या शेतातली ज्वारी कोण खाते. एकाच कूपनलिकेचे पाणी पिणारी दोन घरे, एक बाधित आणि एक नाही, एवढी जोडी मिळाली तरी पाण्यावरचा संशय निम्मा होतो. १८५४ मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीच्या साथीत जॉन स्नो यांनी याहून फार वेगळे काही केले नव्हते. ते घरोघर फिरले, आणि आजारी पडलेल्यांइतकीच आजारी न पडलेल्यांची चौकशी केली. तेथील मद्याच्या भट्टीतील कामगार का वाचले, हा त्यांच्या युक्तिवादातील महत्त्वाचा दुवा आहे. ही विचारपद्धती शिकवायला दोन-तीन धडे पुरतात. २४० मिनिटांतील वीस मिनिटे यासाठी काढावीत, आणि विचारून झालेले सांगण्यासाठी फोनवर एक अंक राखून ठेवावा. सध्या फोन तिच्याशी बोलतो. तिला काही सांगायचे असेल तर कागद भरून वर पाठवायचा, आणि त्या कागदात बहुधा 'इतर' नावाचा एक अरुंद रकाना असतो.

याच दिवसांत गावोगाव आणखी एक प्रश्न विचारला जात असणार: पाण्यात नायट्रेट किती चालते? भारतीय मानकात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, काही परदेशी पुस्तकांत १० सापडते. दोन्ही बरोबर आहेत. ४५ हे संपूर्ण नायट्रेट आयनाचे वजन, १० हे त्यातील फक्त नायट्रोजनचे (४५ गुणिले १४ भागिले ६२). हे समजावून देणारा कोणी फोनच्या पलीकडे असायला हवा होता. गावातील विज्ञानशिक्षकही ते करू शकला असता, जर त्याला कोणी विचारले असते.

'सांगणे' आणि 'ऐकून घेणे' यांतला हा फरक आम्ही आज शोधून काढलेला नाही. तो महाराष्ट्रातच मोजला गेला आहे, तोही जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वी. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने पुण्याभोवतालच्या पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग केला. (बुलढाणा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, त्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो मुंबई राज्यात आला.) आठवड्यातून दोन, असे अर्ध्या तासाचे वीस कार्यक्रम. प्रत्येक गावात वीसएक जणांचे मंडळ. त्यांनी एकत्र बसून ऐकायचे, लगेच चर्चा करायची, आणि शंका व निर्णय लिहून पुण्याला पाठवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्या शंकांची उत्तरे दिली जात. मूल्यमापन टाटा समाजविज्ञान संस्थेने केले आणि त्याचे काम पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञाकडे होते. त्यांनी तुलनेसाठी मंडळ नसलेली गावेही घेतली, आणि त्यांत पुन्हा दोन प्रकार केले: रेडिओ असलेली आणि रेडिओ नसलेली. मंडळे असलेल्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे वाढ किरकोळ होती.

आम्हाला या प्रयोगातील सर्वांत मोलाचा भाग तो तिसरा गट वाटतो. 'रेडिओ दिला, ज्ञान वाढले' एवढे दाखवून थांबणे सोपे होते. रेडिओचे श्रेय किती आणि बसून बोलण्याचे किती, हे वेगळे काढण्याची तसदी १९५६ मध्ये घेतली गेली. आजच्या किती कार्यक्रमांच्या अहवालात ती दिसते? 'इतक्या लाख जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला' हा आकडा रेडिओ-संचांच्या संख्येसारखा आहे.

पुढची पायरी उपग्रहाची. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेकडून उसन्या मिळालेल्या उपग्रहावरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवण्यात आले; 'साइट' या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यातील आरोग्य, शेतीचे कार्यक्रम लोकांना आठवतात. पण आमच्या मते त्याचा सर्वांत नेटका भाग प्राथमिक शिक्षकांच्या विज्ञान प्रशिक्षणाचा होता. दोन फेऱ्यांत मिळून सुमारे पन्नास हजार शिक्षकांनी ते घेतले. पडदा तर होताच, पण जोडीला रेडिओ, छापील साहित्य, हाताने करायचे प्रयोग आणि केंद्रावर चर्चा घेणारा मार्गदर्शक होता. प्रसारण हा त्या डब्यातला एक पदार्थ होता, पूर्ण जेवण नव्हे.

नंतरच्या काळात एकीकडून चित्र आणि दोन्हीकडून आवाज अशी सोय आली. २० सप्टेंबर २००४ रोजी केवळ शिक्षणासाठीचा 'एज्युसॅट' उपग्रह सोडला गेला आणि २०१० पर्यंत त्याने काम केले. केंद्रावरून प्रश्न विचारता येतो, तज्ज्ञ उत्तर देतो, हे ऐकायला छान वाटते. येथेही हिशेब करू. २०११ च्या जनगणनेनुसार बुलढाणा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५ लाख ८६ हजार, त्यातील चार पंचमांशाच्या आसपास ग्रामीण. हजारी एक आशा धरली तर दोन हजारांच्या आसपास आशा होतात. प्रत्येकीला एकच प्रश्न, तोही तीन मिनिटांत उत्तरासह आटोपला, तरी शंभर तास लागतील. तासाभराच्या कार्यक्रमात वीस जणींची पाळी येईल, तीही एकाच जिल्ह्यातल्या. म्हणजे राज्यस्तरीय प्रसारणातला संवाद हा बहुतेकींसाठी दुसरीचा संवाद ऐकणे एवढाच उरतो. तंत्रज्ञान सुधारून हे गणित बदलत नाही.

बदलायचे तर गट लहान करावे लागतात. २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी सुरू केलेल्या 'एको' पद्धतीत तज्ज्ञ व्याख्यान थोडे देतो. खेड्यातील दवाखान्याने आपला रुग्ण मांडायचा आणि सर्वांनी मिळून त्यावर बोलायचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हिपॅटायटिस सी बरा होण्याचे प्रमाण विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के आणि या पद्धतीने शिकणाऱ्या दूरच्या केंद्रांत ५८.२ टक्के आले. भारतातही ही पद्धत आता अनेक ठिकाणी वापरतात. याउलट थेट मातांना दर आठवड्याला संदेश पाठवणाऱ्या 'किलकारी' या ध्वनिसेवेची मध्य प्रदेशात सुमारे पाच हजार स्त्रियांवर यादृच्छिक चाचणी झाली. २०२२ मध्ये निष्कर्ष आले. निव्वळ स्तनपानाच्या प्रमाणावर परिणाम आढळला नाही, संततिनियमनाच्या साधनांच्या वापरात थोडी वाढ दिसली. दोन्ही अभ्यासांचे विषय वेगळे आहेत, त्यांची सरळ तुलना कोणी करू नये. पण चाचणी घेतली आणि न आवडणारा निकालही छापला, याबद्दल 'किलकारी'चा अभ्यास करणाऱ्यांना दाद दिली पाहिजे.

भाषेचा मुद्दा शेवटी घेतला म्हणून तो लहान नव्हे. 'निर्जलीकरण', 'अतिसार', 'स्तनाग्र' असे शब्द धड्यात असतात. वऱ्हाडातील घरात हगवण असते, बाळ 'सुकलेले' असते. आशा हे भाषांतर मनातल्या मनात करत असते आणि ते काम कोणी मोजत नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी तर स्थिती आणखी अवघड. जळगाव जामोद तालुक्यात निहाली बोलणारी गावे आहेत. ज्या भाषेचे जगातील कोणत्याही भाषाकुळाशी नाते भाषाशास्त्रज्ञांना जुळवता आलेले नाही, अशी ही भाषा. बोलणारे जेमतेम काही हजार. त्यांच्यासाठी वेगळे प्रसारण निघणार नाही, हे समजण्यासारखे आहे. म्हणूनच तेथे धडा ऐकून आपल्या भाषेत चार जणींशी बोलणारी बाई हवी, आणि तिला तेवढा वेळ पगारी कामाचा भाग म्हणून मिळायला हवा.

बुलढाण्यात करून पाहण्यासारखी गोष्ट खर्चाची नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात आशांची मासिक बैठक होतेच. त्यातील तासभर अहवालाच्या आकड्यांऐवजी एका ध्वनिपाठाला द्यावा. धडा एकत्र ऐकावा, तांब्या मोजावा, श्वास मोजावा, आणि 'या महिन्यात गावात वेगळे काय दिसले' हे प्रत्येकीला विचारून लिहून घ्यावे. तो कागद जिल्ह्याला जावा आणि पुढच्या बैठकीपूर्वी त्याचे उत्तर यावे. उत्तर 'अजून माहीत नाही' असे असले तरी चालेल. तेरा तालुक्यांपैकी सहा तालुक्यांत हे करावे, सातांत नेहमीप्रमाणे नुसता फोन राहू द्यावा, आणि वर्षाने दोन्हीकडच्या आशांकडून श्वास मोजून घ्यावेत.